पाण्याच्या चुलीची दृष्ट

सातपूरच्या कारखान्यांच्या खडखडाटात रविराजचं वर्कशॉप होतं, आणि त्यात स्नेहलची चूल. उन्हाच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढायचा, त्यावर भाकरी भाजायची. ना धूर, ना काजळी. तान्ह्या लेकरासारखी स्नेहलनं ती वाढवली होती. पण सरकारी मदत संपत आली होती. आज पाहणीला येणारे साहेब खूश झाले तर काम पुढे चालणार, नाहीतर चूल भंगारात.

साहेबांसाठी अंगणात मांडव पडला. झालरींचा, कमानीचा, मोठा देखणा. इतका देखणा, की त्याच्या सावलीत चुलीची सोलर पॅनेलं गाढ झोपी गेली. मग रविराजनं डिझेलचा जनरेटर आणवला. तो मागे खोकत राहिला आणि पुढे बॅनरवर हिरवं पान डुलत राहिलं.

साहेबांनी भाषणात सांगितलं, की भविष्य दारात येऊन उभं आहे. तसं ते बरीच वर्षं उभंच होतं. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

स्नेहलनं चूल पेटवली. हायड्रोजनची ज्योत ही वाऱ्याची लेक. दिवसाउजेडी अंगाला लागते, डोळ्यांना दिसत नाही. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

"पेटली नाही वाटतं."

पेटलीय, पाणी उकळून दाखवते, असं स्नेहल म्हणाली. पण पाणी उकळेपर्यंत थांबायला साहेबांना वेळ नव्हता. नीट पेटली की कळवा, असं रविराजला सांगून ते निघाले.

जेवणावळ सांभाळायला दिंडोरीहून आलेली रविराजची आत्या, झुंबरबाई, हे बघत होती. एवढी माणसं टक लावून बसल्यावर चुलीला नजर लागणारच, असं तिचं म्हणणं. तिनं मूठभर मीठ-मोहरी घेतली, चुलीवरून ओवाळली.

"आल्यागेल्याची, सायबासुभ्याची, गाडीतून उतरल्या पायाची, जळो नजर."

आणि मूठ बर्नरवर टाकली.

मिठानं ज्योत भडक पिवळी झाली. मोहरी तडतडली. साहेब वळले. टाळ्यांनी मांडव हलला.

"याला म्हणतात ऊर्जा," साहेब म्हणाले.

स्नेहलला राहवलं नाही. "साहेब, हा रंग मिठाचा. हायड्रोजनचा नाही."

"मग मीठ घालत चला. लोकांना दिसायला नको का?"

मदत आणखी दोन वर्षं मिळेल, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, भडक्याचा क्षण हुकला. ज्योत तर पुन्हा नाहीशी झालेली. साहेब फोटोसाठी चुलीशेजारी उभे राहिले आणि झुंबरबाईकडे बघू लागले.

झुंबरबाईनं पदर झटकला. "एका नजरेची दृष्ट दोनदा काढत नसतात, भाऊ. मी नाय काढायची."

साहेबांचं हसू आखडलं. रविराजनं स्नेहलकडे पाहिलं.

स्नेहल पंगतीकडे गेली आणि वरणाशेजारच्या वाडग्यातून मिठाची मूठ भरून घेऊन आली.