खिडकी उघड, मेथोद

मेथोदने कादंबरीत आईला मारलं, ही बातमी गावात त्याच्या आधी पोचली होती. रेडिओवरच्या मुलाखतीत तोच बोलून बसला होता. ओरावाच्या डोंगराळ भागातल्या त्या एवढ्याशा गावात कोणाच्या पोटात काही राहतंय थोडंच! बसमधून उतरला तर पोस्टातली बाईसुद्धा त्याच्याकडे तिरकं बघत होती.

आईने, युस्टीनाने, पिरोहींची, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांची, थाळी पुढ्यात सरकवली, वर बचकभर ब्रिंडझा चीज घातलं. पुस्तक छापायला जायच्या आधी तिने मनापासून हो म्हणावं, एवढ्यासाठी तो आला होता. तिला दुखवून ते पुस्तक त्याला नको होतं. तिला आताशा दिसत नसे, म्हणून त्याने शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. हिवाळ्यात आई जाते आणि मुलगा बंद खोलीत तिच्या उशाशी बसून राहतो. ब्रातिस्लाव्हाच्या संपादकांनी त्या बंद खोलीची केवढी वाहवा केली होती. शेवटची ओळ त्याने अगदी सावकाश वाचली.

मान वर करून बघतो तर आई रागाने लाल.

"मारलंस ते मारलंस," ती म्हणाली, "पण खिडकी कोण उघडणार? तुझा बाप?"

मेथोद चांगलाच वरमला. माणूस गेलं की आधी खिडकी उघडायची, जीव बाहेर पडायला. बाबांच्या वेळी आईनेच उघडली होती. शहरात राहून हे तो साफ विसरला होता, कमालच म्हणायची. तरी त्याने सारवासारव केली. म्हणाला, मुलाला तिला सोडवत नाही, म्हणून खोली बंद.

"अस्सं! तुला रडता यावं म्हणून मी कोंडून राहू?"

लाडक्या बंद खोलीवर त्याने जड हाताने काट मारली. मग नवं वाक्य वाचलं: मुलगा उठला आणि त्याने खिडकी उघडली.

आई डोळे मिटून ऐकत होती. "सताड?"

"सताड, आई."

तिचा चेहरा निवळला. मग काहीतरी आठवून ती म्हणाली, "बाहेर बर्फ ना रे तिथे? अंगात काहीतरी घाल, मेल्या. मी तर गेले. आता सांगणार कोण तुला?"

मेथोदने मुकाट्याने खुर्चीवरचा स्वेटर अंगात घातला, आणि मग त्याला रडू आवरेना.