गुडघ्याखालची उशी

गादीवाल्याच्या दुकानात शिवायचं काम त्याचं आणि कापड कापायचं त्याच्या बायकोचं. कापायचं टेबल उंच होतं. बसून कापलं की अभ्र्याची कड तिरकी जाते, असं ती म्हणे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती मागच्या खोलीत बसून होती आणि टेबलाशी एक रोजंदारीवरचा कारागीर उभा होता. पुन्हा तिथे उभं राहायचं, एवढ्यासाठीच तिने ऑपरेशनला हो म्हटलं.

"सांध्यात हाडांवरचं अस्तर झिजलंय," सर्जन म्हणाले. "वजन उतरवून झालं, व्यायाम झाले, गोळ्या-इंजेक्शनं झाली. आता हाडावर हाड घासतंय. उजवा गुडघा आधी बदलू."

"अस्तरच बदलायचं, तर आमच्याकडे यायचं की," गादीवाला म्हणाला. कुणी हसलं नाही.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी ती वॉकर धरून दारापर्यंत गेली. घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने बजावलं, "काकू, गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. गुंडाळी ठेवायची ती टाचेखाली. गुडघा अधांतरी राहिला की सरळ होईल. दुखेल, पण सोसा."

"सोसा म्हणे," गादीवाला वाटेत पुटपुटला. "त्या पोरीने जन्मात एक तरी उशी शिवलीय का?"

घरी बायको कण्हायला लागली तसा तो मशीनवर बसला. मऊ कापूस, मधे खळगा, दोन्ही बाजूंना उतार. तिच्या पायाच्या मापाची उशी. गुडघ्याखाली सरकवताच तिने डोळे मिटले.

"कसं वाटतंय?"

"लग्नानंतर पहिल्यांदाच तुमचा उपयोग झाला."

ती मुलगी व्यायाम घ्यायला घरी आली की उशी पलंगाखाली जाई. तिची पाठ वळली की पुन्हा जागेवर.

"काकू, पाय सरळ होत नाहीये. मी नसताना करता ना सगळं?"

"करते की," ती म्हणे, आणि गादीवाला पंख्याकडे बघत राही.

पुढच्या तपासणीला सर्जननी गुडघा वरून दाबला. खाली फट राहिलीच.

"सांधा नीट बसलाय, पण मागची बाजू आखडलीय. उशी घेत होतात का?"

"साधी नव्हती, साहेब," गादीवाला म्हणाला. "मापाची होती."

सर्जन कागदावर लिहू लागले. "व्यायाम वाढवू, पट्टा बांधू. थोडा सुटेल. पूर्ण सरळ होईल, असं आता सांगवत नाही."

दुकानात ती कापायच्या टेबलाशी उभं राहून बघत होती रोज. उजवा पाय वाकडा, त्यामुळे सगळा भार डाव्यावर, आणि तो आधीच झिजलेला. एक अभ्रा कापून होईस्तोवर कंबर भरून येई.

एका सकाळी टेबलाशी उंच स्टूल दिसलं. त्यावर मखमलीची नवी गादी, कडेला दोरी फिरवून स्टुलाला बांधलेली.

"बसून काप," गादीवाला म्हणाला. "कड तिरकी गेली तर मी शिवताना सावरून घेईन."

"गादी काढा ती."

"अगं, लाकूड टोचेल."

"टोचू दे."

तो गाठी सोडवत होता. घट्ट बांधल्या होत्या, वेळ लागला. तोवर ती टेबलाची कड धरून, एका पायावर, उभीच राहिली.