दुभाषीबाईंचा ‘मी’

“मारला गेलेला तुमचा सख्खा भाऊ ना, बाई? मग आज तुम्ही नका उभ्या राहू,” कोर्टाचा कारकून हळूच म्हणाला.

“दुसरं आहे कोण?” दुभाषीबाईंनी विचारलं.

दोन्ही जमातींच्या भाषा बोलणारी माणसं लढाईत देशोधडीला तरी लागली होती, नाहीतर मातीत गेली होती. तारीख पुढे ढकलली, तर भाऊ कुठे पुरलाय हे आईला कधी कळणार? आई तर पार थकली होती.

तह झाल्यापासून कोर्टाचा नूरच पालटला होता. दोन जमातींचे दोन न्यायाधीश शेजारी बसत. उघड कोर्टात जो सगळं खरं सांगेल, त्याला सोडायचं, असं तहाचं कलम होतं. आणि जबाब देणाऱ्याचं बोलणं दुभाष्यानं ‘मी’ म्हणूनच सांगायचं. ‘तो म्हणतो’ चालत नसे.

पिंजऱ्यातला माणूस मूळचा गवंडी. तो खाली मान घालून बोलू लागला. बाई समोरच्या भिंतीकडे बघत आपल्या भाषेत सांगत गेल्या, “मी त्याला घरातून ओढून काढलं. मीच गोळी घातली. वीटभट्टीमागच्या खड्ड्यात पुरलं.”

आईला प्रश्न विचारायचा हक्क होता. ती बाक धरून उठली. “शेवटी काही बोलला का रे माझा लेक?”

बाईंनी प्रश्न त्याच्या भाषेत सांगितला. गवंडी काहीतरी पुटपुटला. भावाला ती भाषा कधी आलीच नाही. बाजारात घासाघीस करायची झाली, की तो बहिणीलाच पुढे ढकलायचा, “ताई, तू बोल.”

“बाई?” एक न्यायाधीश म्हणाले.

“बोलला,” बाई म्हणाल्या. “हात जोडून खूप बोलला. पण मला त्याची भाषा येत नव्हती.”

आई परत बाकावर बसली.

दुपारी निकाल झाला. गवंडी सगळ्यांसोबत पुढच्या दारानं बाहेर पडला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

पायऱ्या उतरताना बाई म्हणाल्या, “आई, उद्या आपण भट्टीवर—”

“जाऊ,” आई म्हणाली. “पण आज तू काही बोलू नकोस गं. तुझा आवाज ऐकवत नाही.”

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. आईनं लेकीचा हात मात्र घट्ट धरून ठेवला होता. कंडक्टर आला, तेव्हा बाईंनी तोंडातून शब्द न काढता दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली.