आत्याबाईचे लगाम

आमचा रणगाडा आम्हा तिघांपेक्षा वयाने मोठा होता, म्हणून आम्ही त्याला आत्याबाई म्हणायचो. आत्याबाई थंडीत सुरू व्हायच्या नाहीत, उतारावर थांबायच्या नाहीत, आणि आपल्या पोटात बसलेल्यांना एकमेकांचं अवाक्षर ऐकू द्यायच्या नाहीत. त्यासाठी डोक्यावरच्या टोपात कानाशी बोलणारे कर्णे असतात. आमचे युद्धाच्या सुरुवातीलाच बंद पडले. नवे मागवले, तर कोठारातून बादल्या आल्या. बादल्या चांगल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे.

वर बुरुजात आमचे कमांडर. त्यांना सगळे मामा म्हणत, कारण ते भाच्यांवर ओरडावं तसे सगळ्यांवर ओरडत. मी तोफेवर. आणि पुढे, खाली, एका फटीतून रस्ता बघत आमचा ड्रायव्हर, सारथी. मामांना सगळं दिसायचं पण गाडी हाकता यायची नाही. सारथीला हाकता यायची पण काही दिसायचं नाही. शेवटी मामांनी कपडे वाळत घालायची दोरी घेतली आणि तिचे दोन तुकडे सारथीच्या दोन दंडांना बांधले. उजवी ओढली की उजवीकडे, डावी ओढली की डावीकडे, दोन्ही ताणून धरल्या की थांब, आणि दोन्हींना दोन हिसके दिले की मागे. ही शेवटची खूण सगळ्यात जास्त झिजली. शिर सलामत तर पगडी पचास, हे मामांचं युद्धशास्त्र. अडचण दिसली की त्यांचे हात आपोआप दोन हिसके देत.

आणि सारथी असा मागे जायचा, की तसा दुसरा कोणी पुढेही जाणार नाही. एकदा एका गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांतून गोळे सुटले. मी डोळे मिटून आईला हाक मारत होतो. सारथीने ती गल्ली उलटी पार केली, एकाही घराचा उंबरा न घासता. त्या दिवसापासून मी त्याला मनातून देव मानत होतो. तोंडावर गाढवच म्हणायचो.

दोऱ्यांचा कारभार इतका सुरळीत चालला, की सारथी ठार बहिरा झाल्याचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. एके दुपारी मागून त्याला जेवायला हाक मारली आणि तो आला नाही, तेव्हा आम्ही घाबरलो. सारथी आणि जेवायला येत नाही?

नेमका त्याच सुमाराला हुकूम आला: सगळ्या ड्रायव्हरांचे कान तपासायचे. नापास झालेल्यांची रवानगी मागे कोठारात, त्यांच्या जागी नवे ड्रायव्हर. सारथीला हे खाणाखुणांनी सांगितलं, तर त्याचा चेहरा पडला.

"माझी आत्याबाई दुसऱ्याच्या हाती?" तो म्हणाला. "त्यापेक्षा मला तिच्याखाली घाला."

"कोणी घालत नाही तुला खाली," मामा ओरडले. "दोरी आण."

तपासणी एका रिकाम्या शाळेत होती. आधी जाऊन आलेल्यांकडून आम्ही माहिती काढली. ड्रायव्हरला खिडकीकडे तोंड करून उभं करतात, डॉक्टर पाठीमागून पुटपुटतात: आधी उजवा हात वर, मग डावा. झालं. आम्ही दोऱ्या सारथीच्या बाह्यांतून काढून खिडकीबाहेर घेतल्या आणि खाली झुडपात उकिडवे बसलो. खिडकी उघडीच होती, पण डॉक्टर फारच हळू बोलत होते असं आम्हाला वाटलं. मी नुसते त्यांचे ओठ बघत होतो.

ओठ हलले. मामांनी उजवी ओढली. सारथीने हात वर केला नाही. तो अख्खाच्या अख्खा उजवीकडे वळला, आत्याबाई वळतात तसा, जागच्या जागी. डॉक्टरांनी चष्मा पुसला. ओठ पुन्हा हलले. डावी ओढली. सारथी डावीकडे वळून पुन्हा सरळ झाला.

"जमलं," मी म्हणालो.

आणि डॉक्टरांचे ओठ तिसऱ्यांदा हलले. हे ठरलेलं नव्हतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे. अडचण होती. मामांच्या हातांनी दोन हिसके दिले.

सारथी मागे निघाला. दोऱ्या सरसरत आमच्या हातांतून सुटल्या आणि खिडकीवरून आत गेल्या. आता त्याला थांबवणारं जगात कोणी उरलं नव्हतं. डॉक्टर आधी बाजूला सरकले, मग मागे, मग औषधांच्या कपाटाला टेकले, आणि सारथी त्यांना पाठीने रेटतच राहिला. थांब म्हटल्याशिवाय थांबायचं नाही, ही त्याची शिस्त. शेवटी कंपाउंडरने त्याला उचलून पुन्हा खिडकीपाशी नेऊन ठेवलं.

डॉक्टर जमिनीवरच्या दोऱ्या बघत बघत खिडकीपर्यंत आले. बाहेर वाकले. मामांनी उकिडव्यानेच सलाम ठोकला.

आम्हालाही आत बोलावून सारथीच्या शेजारी, तोंडं भिंतीकडे करून उभं केलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बाजूला कंपाउंडर पोट धरून हसताना दिसला. डॉक्टर म्हणे मागून तीनदा विचारत होते, "महिनाभर रजा कोणाला हवी? हात वर करा." आम्ही तिघंही खांबासारखे उभे.

म्हणजे आम्हीही बहिरे! इतके महिने मला वाटत होतं, मामा प्रेमापोटी ओरडतात.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना आपल्याकडे वळवलं आणि मामांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "नियमाने तिघांनाही काढायला हवं. कोठारातसुद्धा इतकी जागा नाही. घरीच धाडतो. बोला, जाता?"

मी खोटं कशाला बोलू? मला जायचं होतं. पोटातून जायचं होतं. मला माझी खाट दिसली, दारात उभी आई दिसली. मामांना काय दिसलं कोण जाणे. आम्ही दोघंही होच म्हणणार होतो.

तेवढ्यात सारथीने मान वळवून आमचे चेहरे पाहिले. त्याला प्रश्न ऐकूच गेला नव्हता. आपण नापास झालो, एवढंच तो समजला.

"साहेब," तो भर खोलीत गरजला, "मला काढा, पण आधी या दोघांबद्दल ऐका! मामांना डावीकडचं दिसत नाही, मीच अंदाजाने सांभाळून घेतो. आणि हा गोळे सुटले की डोळे मिटून आईला हाका मारतो. माझ्या जागी नवा ड्रायव्हर आला तर मी सोसेन, साहेब, यांना नाही चालणार. पहिल्याच गल्लीत मरतील हो दोघं! मला एवढं युद्ध संपेपर्यंत राहू द्या. मग कान कापून घ्या."

मी डोळे मिटतो हे त्याला माहीत होतं तर.

डॉक्टरांनी मामांकडे पाहिलं. मामांनी नकारार्थी मान हलवली. घरी नाही जायचं. मीही हलवली. का हलवली, ते मला अजून नीट सांगता येत नाही. डॉक्टरांनी तिघांच्याही कागदांवर 'श्रवण उत्तम' असा शिक्का मारला आणि आम्हाला बाहेर हाकललं.

आवारात आल्यावर सारथीने मामांची बाही धरली. "काय विचारत होते ओ साहेब?"

मामा तोंडाकडे घास नेण्याची खूण करत ओरडले, "जेवण कसं असतं, म्हणून विचारत होते!"

सारथी जागीच उभा राहिला. आम्हा दोघांकडे रागाने बघत राहिला.

"मग मुक्यासारखे उभे काय होतात?" तो म्हणाला. "मीठ नसतं म्हणून सांगायचं ना!"