वॉर्डाची बॅग

"एकतीस किलो दोनशे," प्रेमलालकाकांनी जाहीर केलं आणि अंगणात जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. काकांचं किराणा दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. तांदूळ तोलायचा काटा ते खास माझ्या बॅगेसाठी उचलून घेऊन आले होते. विमानात चालणार होते फक्त तेवीस.

"मंग काढा आठ किलो," शेवंताआत्या म्हणाली. ही बाबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून आमच्या घराचा कारभार आणि अर्ध्या वॉर्डाच्या चौकशा तिच्याकडेच आहेत.

पण काढणार काय? आमच्याकडे कोणी पहिल्यांदा लांब निघालं की प्रत्येक घर एक वस्तू आणतं आणि निघणाऱ्याच्या सामानात स्वतःच्या हाताने ठेवतं. बाबा दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर झाले आणि ट्रेनिंगसाठी जबलपूरला निघाले, तेव्हाही असंच झालं होतं. बसच्या टपावर सामानाचं वजन कोण करतंय! विमानात ते करतात, हे बालाघाटात कोणाच्या ध्यानातच आलं नाही. सकाळपासून बॅगेत चिन्नोर तांदूळ गेला, लाखोळीची डाळ गेली, हाताने वळून वाळवलेले सरगुंडे, मोहाचे लाडू, विहारातून आलेली पितळेची बुद्धमूर्ती, सगळं गेलं. आणि ठेवणारे सगळे समोरच उभे.

आत्या एकेक पुडकं उचलायची, कोणाचा तरी चेहरा पडायचा, पुडकं परत आत. शेवटी तिने माझ्याच वस्तूंना हात घातला. जाड कोट निघाला. "तिकडं भेटते." पुस्तकं निघाली. "मोबाईलमंधी वाच." शाळेतल्या मुलांनी काढलेल्या नकाशांची गुंडाळी निघाली, तिला तर कारणही मिळालं नाही. काटा बावीस किलो नऊशेवर आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या बॅगेत माझं म्हणावं असं आता चार कपडे आणि एक कंगवा उरला होता.

खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. लामत्याच्या सरकारी शाळेत मी अतिथी शिक्षक होते, भूगोल शिकवायचे आणि ते मला मनापासून आवडायचं. परदेशी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला तो सगळे मागे लागले म्हणून. निवड होईल असं स्वप्नातही नव्हतं. झाली. इंग्लंड, पीएचडी, चार वर्षं. मग विहारात शाल, चौकात फ्लेक्स, त्यावर माझा फोटो एवढा मोठा की दात मोजून घ्यावेत. घोडीवर बसलेल्या नवरदेवाला कोणी विचारत नाही, बाबा रे, तुझी मर्जी आहे का? तसंच माझं झालं होतं.

कोट ठेवायच्या निमित्ताने मी आतल्या खोलीत गेले. बाबा खाटेवर बसून माझी कागदपत्रं फाईलमध्ये लावत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, मले नाही जाचं."

त्यांनी फाईल मांडीवर ठेवली. "कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी विचारलं नाही."

बाबांनी फाईलची दोरी बांधली, परत सोडली. पुनाराम ड्रेसर म्हणजे अख्ख्या शहराच्या जखमा बांधलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग ते उठले. "मी सांगतो बाहेर. दोन दिवस लोक बोलतीन, मंग चुप होतीन."

मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीला टेकले. पण मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही, लोक दोन दिवसांत गप्प होणार नव्हते. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतली एक मुलगी भोपाळच्या हॉस्टेलवरून महिन्याभरात परत आली, तेव्हा तिचं नाव पुढे करून तीन घरांनी आपल्या मुलींना बारावीनंतर घरी बसवलं. मी तर फ्लेक्सवर होते.

बाबा उंबऱ्यापर्यंत पोचले तोच समोरून चैतरामकाका आले. हे ऑटो चालवतात, आमच्यापासून चौथं घर. मागे त्यांची पौर्णिमा होती, नुकतीच बारावी झालेली. काकांनी बाबांचा हात धरला.

"पुनारामभाऊ, लांजीवाल्याइले आत्ताच फोन केला. म्हटलं, लग्न नाही करत पोरीचं. नागपूरले शिकाले पाठवतो. रिश्ता टूटला तं टूटला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू एकटी इंग्लंडले जाऊन राह्यली, तं आमची नागपूरपर्यंत नाही जाऊ शकत का? बरोबर केलं ना, बेटा?"

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडायला ते तयार होते, मी नुसती मान हलवायची होती. पौर्णिमाही बघत होती. मला तिचा राग आला, अगदी खरा राग, आणि त्याची लाजही वाटली.

"हौ काका," मी म्हणाले. "बरोबर केलं. पाठवा तिले."

बाबा आत गेले आणि फाईल घेऊन आले.

दुपारी दुसऱ्या वॉर्डातल्या वीरेंद्रच्या भाड्याच्या जीपने आम्ही नागपूरकडे निघालो. मी आणि बाबा, दोघंच. गल्लीच्या टोकापर्यंत लोक चालत आले, मी हात हलवत राहिले, हसत राहिले. वैनगंगेचा पूल संपला, तसं बाबा म्हणाले, "वीरेंद्र, गाडी थांबव जरा."

ते मला रस्त्याच्या कडेला, एका मोहाच्या झाडामागे घेऊन गेले. "इथं आपल्या वॉर्डातलं कोणी नाही," ते म्हणाले. "रडून घे." आणि माझ्याकडे पाठ करून रस्त्याच्या बाजूला उभे राहिले.

एक मोटारसायकल थांबली. दवाखान्यातली ओळख असावी. "काय झालं, पुनारामकाका?"

"काही नाही. पोरीले गाडी लागते."

"निंबू द्या तिले," म्हणून तो गेला. बाबा तसेच उभे राहिले.