नव्याचा भात

पास्टर सुनिल दर रविवारी चामोर्शीवरून मोटारसायकलने आमच्या गावात यायचे. प्रार्थनेला बसणारी आमची मोजकीच घरं. गावपूजेचा प्रसाद खायचा नाही, असं त्यांनी एकदा सांगितलं. माझ्या नवऱ्याने, लटारूने, ते इतकं घट्ट धरलं की पुढे स्वतःचं डोकं वापरायची त्याला गरजच उरली नाही.

सासू सुकरीबाई प्रार्थनेला कधी बसली नाही. तिचा देव गावचाच. नवं धान आलं की पहिला भात गावदेवाला चढतो, मग पळसाच्या पानावर घरोघर जातो. तोवर नव्याचा दाणा कुणी तोंडात घालत नाही. म्हातारीने जन्मभर हे पाळलं. यंदा ती खाटेला खिळली होती, पेजही नको म्हणायची. एकच धोशा, "नवा भात खाऊ दे, मंग जातो."

पूजेच्या दिवशी पुजारी जंगूभाऊ पान घेऊन आमच्या अंगणात आला. लटारूने त्याला तिथेच अडवलं.

"आमच्या घरी हे चालत नाई, भाऊ."

"तुले कोन देऊन राह्यलं? तुझ्या मायसाठी आणलं."

"घर त माझं हाय ना!"

जंगूभाऊ मान खाली घालून परत गेला. आत म्हातारीने सगळं ऐकलं होतं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "मरनाऱ्या मायचा घास अडवतोस? लाज नाई वाटत?"

"थांब बुधरी, पास्टरले विचारून येतो."

गावात मोबाइलला रेंज नाही, म्हणून हा शहाणा टेकडीवर चढला. आई घरात शेवटचे श्वास मोजतेय आणि हा वर जाऊन परवानगी मागतोय! फोन लागेना, तरी तिथेच बसून राहिला. शेवटी मीच जंगूभाऊकडे धावले आणि भात आणला. म्हातारीच्या ओठांना दोन शितं लावली. ओठ उघडले नाहीत. लटारू टेकडीवरून उतरला तेव्हा मी तिचे डोळे मिटत होते.

रविवारी पास्टर आले. प्रार्थना झाल्यावर लटारूने विचारलं, "मी बराबर केलं ना?"

"अरे, ते मी तुमच्यासाठी बोललो होतो. तुझी माय कुठी आपल्यात होती? तिले द्यायचं होतं." पास्टर हे इतक्या सहज म्हणाले की मला त्यांच्याही तोंडाकडे बघवेना. हेच आधी सांगायला यांना काय धाड भरली होती?

"देवानं तुले मन देलं हाय ना, लटारू? ते काईच बोललं नाई?" पास्टरांनी विचारलं.

"बोललं," लटारू म्हणाला. "दे म्हनून दिवसभर बोलून राह्यलं होतं. मले वाटलं, सैतान हाय."