अठ्ठ्याऐंशी ओळी गळाल्या तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझं एक बटण निखळलंय आणि पंखा गिरणीसारखा घरघरतो. क्रांती चौकातल्या दुकानात मी वर्षभर धूळ खात होतो. "ताई, परत घेणार नाय बरं," दुकानदार म्हणाला. मला विकत घेणारी प्रेरणा म्हणाली, "परत आणतंय कोण!"

पडेगावला तिच्या घरी आल्यावर तिनं मला 'आर' शिकवली. आर ही आकडेवारीची संगणक भाषा. खरं तर आम्ही दोघंही शिकत होतो.

> कंस उघडला, बंद केला नाही.
> या नावाचं काही सापडत नाही.

दिवसाला वीस चुका. पण पोरगी चिवट! चूक दाखवणारा मजकूर मोठ्यानं वाचायची. एकेक ओळ चालवून बघायची. तरी उमगलं नाही, तर सगळी माहिती बाजूला ठेवून पाचच ओळींवर करून पाहायची. मला तिचा फार अभिमान वाटे.

मग वैजापूरकडच्या तिच्या मूळ गावाचं काम आलं. सरासरी जमीन तीन एकरांच्या आत असेल, तरच एक संस्था गावाला ठिबक सिंचनाचे संच देणार होती. तिच्या वडिलांनी, रामकिसन यांनी, घरोघर फिरून दोनशे बारा शेतकऱ्यांची माहिती आणली आणि एका बोटानं माझ्यात टाइप केली.

> इशारा: काही नोंदींचे आकडे करता आले नाहीत.

प्रेरणा घाईत होती. यादी दुपारी संस्थेला पाठवायची होती. तिनं इशारा न वाचताच पुसला. "रिकाम्या जागा सोड, सरासरी काढ," असा हुकूम दिला. मी काढली.

> ४

"अण्णा, चार एकर आलं. संच नाय मिळणार."

"चार? आपल्या गावात?"

"मशीन खोटं बोलत नाय."

"नसंल बोलत. पर शेजारच्या दगडाबाईचं दीड एकर कुठं गेलं, ते इचार त्याला."

 प्रेरणानं सरासरीत धरलेल्या ओळी मोजल्या.

> १२४

अठ्ठ्याऐंशी शेतकरी गायब! रामकिसन यांनी बोलतात तसंच लिहिलं होतं: दीड, अडीच, पाऊण; पूर्ण एकर तेवढे आकड्यांत. मला शब्दांचे आकडे करता येत नाहीत. मी तिथं रिकामी खूण ठेवली, आणि हुकमाप्रमाणे नेमकी लहान शेतं वगळली.

"आता गं? माझ्यामुळंच झालं व्हय?"

"नाय अण्णा. मीच वाचलं नाय."

तिनं मूळ फाइलला हात लावला नाही. प्रत घेतली, प्रत्येक शब्दापुढं त्याचा आकडा मांडला, पुन्हा ओळी मोजल्या. दोनशे बारा. मग सरासरी.

> २.९२

यादी वेळेत गेली. रामकिसन यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की पंखाच बंद पडला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, पण माझे इशारे पुसू नका. आणि उत्तर कितीही नीटनेटकं आलं, तरी ते शेतात पायी फिरलेल्या माणसाला एकदा दाखवा. दीड एकर केवढं असतं, ते मला अजून ठाऊक नाही.